पडताळता येणारे उत्तर आणि न येणारे

माहिती कूटबद्ध करण्याचे, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाही असे रूप तिला देण्याचे काम प्रोसेसरच्या नेहमीच्या आज्ञांनी होते, तसेच त्यासाठीच घडवलेल्या हार्डवेअरकडेही ते सोपवता येते. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो भाग ही सोपवणूक करतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ओपनबीएसडी प्रणालीतील, ही सोपवणूक सांभाळणाऱ्या सामाईक चौकटीचे विवेचन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या काळी हे हार्डवेअर बहुधा वेगळ्या कार्डावर असे आणि मजकूर लहान असला की नेण्या-आणण्यातच वेगाचा लाभ संपून जाई. इंटेलने २०१० मध्ये एईएस या प्रमाणित पद्धतीच्या आज्ञा प्रोसेसरमध्येच आणल्या आणि ही वाहतूक टळली.

वेगाचा प्रश्न असा बराचसा सुटला. विश्वासाचा मात्र सुटला नाही. एईएसचे उत्तर ठरलेले असते: तीच किल्ली आणि तोच १६ बाइटांचा ठोकळा दिला, तर कोणत्याही यंत्राने तेच उत्तर दिले पाहिजे. म्हणूनच लिनक्स प्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ड्रायव्हरची नोंदणी होताना त्याची उत्तरे आधीच ज्ञात असलेल्या उत्तरांशी ताडून पाहण्याची व्यवस्था आहे (ती बंद ठेवण्याचीही सोय आहे, हे जरा खटकतेच).

किल्ल्या तयार करण्यासाठी लागणाऱ्या यादृच्छिक, म्हणजे कोणालाही आधी सांगता न येणाऱ्या संख्यांना असे ठरलेले उत्तरच नसते. एएमडीच्या काही जुन्या प्रोसेसरांत संगणक निद्रावस्थेतून जागा झाल्यावर आरडीरँड ही यादृच्छिक संख्या देणारी आज्ञा सर्व बिट १ असलेली संख्या देई आणि वर काम यशस्वी झाल्याचेही कळवी. २०१९ मध्ये लिनक्सने त्या प्रोसेसरांवर तिचा वापर बंद करण्याची तजवीज केली. हा दोष ढोबळ होता म्हणून सापडला. निर्मात्याने स्वतःजवळच्या एखाद्या किल्लीने १, २, ३ हे अनुक्रमांक एईएसमधून काढून तेच यादृच्छिक म्हणून दिले, तर संख्याशास्त्राची कोणतीही नेहमीची कसोटी ते ओळखू शकणार नाही.

अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या कारवायांबद्दल एडवर्ड स्नोडेन यांनी केलेल्या गौप्यस्फोटानंतर, २०१३ मध्ये, फ्रीबीएसडी प्रणालीने म्हणूनच इंटेल आणि व्हिया या निर्मात्यांच्या यादृच्छिक संख्यांच्या जनित्रांचे उत्पन्न थेट न वापरता यारो या मिश्रण-पद्धतीतून, इतर स्रोतांबरोबर घुसळून घेण्याचे ठरवले. माहिती कूटबद्ध करण्याच्या तुलनेत किल्ल्या क्वचितच तयार कराव्या लागत असल्याने या मिश्रणाचा खर्च नगण्य आहे. तेवढाही वाचवण्यासाठी हार्डवेअरची संख्या जशीच्या तशी पुढे करणारा ड्रायव्हर कितीही चपळ असला, तरी सदोषच मानला पाहिजे.