खडकाची साक्ष

नोंद खरी असली, म्हणजे तिच्यावरून केलेला निवाडाही खरा ठरतो काय? कारकुनी करणाऱ्याला हा प्रश्न रोज पडावयास हवा. मला तो पडला, तो समुद्रतळाच्या गाळाविषयी वाचताना.

चुनखडीचा खडक म्हणजे बहुतांशी पुरातन सागरजीवांच्या कवचांचा संचय. समुद्राच्या पाण्यात प्राणवायूचे हलके व जड असे अणू असतात. कवच घडताना पाणी जितके थंड, तितका त्यात जड अणूंचा वाटा अधिक. या नियमाच्या आधारे हॅरॉल्ड युरी व त्यांचे सहकारी यांनी १९५१ साली बेलेम्नाइट नावाच्या, माकुळासारख्या एका जीवाचा अश्म थराथराने तपासला; आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या क्षुद्र जीवाने तीन उन्हाळे व चार हिवाळे पाहिले होते, असे सांगितले.

पुढे १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी समुद्रतळातील सूक्ष्म कवचांवरून हिमयुगातील सागराचे तापमान काढले. परंतु कवच जड होण्यास आणखी एक कारण असते. वाफेबरोबर हलके पाणी अधिक निघून जाते आणि हिमयुगात ते जमिनीवरच्या बर्फात अडकून राहते. एमिलियानींनी या कारणाला थोडेच महत्त्व दिले होते. १९६७ साली निकोलस शॅकल्टन यांनी तळाशी राहणाऱ्या जीवांची कवचे पाहिली. तीही जवळजवळ तितकीच जड झाली होती. तळाचे पाणी मुळातच गोठणबिंदूजवळचे. ते आणखी किती थंड होणार? तेव्हा फरकाचा मोठा भाग थंडीचा नसून बर्फाचा होता. कवचांनी असत्य सांगितले नव्हते. एका आकड्यामागे दोन कारणे उभी होती.

हे वाचून मी पुस्तक मिटले. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या उशिरा येण्याविषयी टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. हजेरीवरून मी प्रत्येक तारीख बिनचूक उतरविली आणि शेवटी लिहिले, 'कर्तव्यात शिथिलता.' त्यांना ताकीद मिळाली. पुढे कळले की त्यांच्या पत्नीला सोमवारी व गुरुवारी मूत्रपिंडाच्या उपचारासाठी न्यावे लागे. मी ते टिपण पुन्हा काढून पाहिले. सगळ्या तारखा सोमवारच्या नाही तर गुरुवारच्या होत्या. उत्तर माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होते. मी वारांकडे पाहिलेच नव्हते.

मग माणसाने निवाडा करूच नये काय? तसे म्हणणे ही पळवाट होईल. शॅकल्टन यांनी मोजमाप टाकून दिले नाही. त्याच गाळातला दुसरा साक्षीदार त्यांनी पुढे बोलाविला. नोंदीशी प्रामाणिक राहणे हे अर्धेच कर्तव्य होय. याच परिणामाला दुसरे कारण असू शकेल काय, हे विचारणे हा उरलेला अर्धा भाग. खडक आपल्या चुकीची दुरुस्ती होईपर्यंत वाट पाहू शकतो. माणसाजवळ तेवढा अवधी नसतो.