दुसरी किल्ली कोणाच्या हाती?

सिंगापुरात शरद ऋतू येतो तो पंचांगातूनच. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर वसलेल्या या बेटाला ना पावसाचा निरोप ठाऊक, ना थंडीची चाहूल. तरीही बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेलाच येथील चिनी कुटुंबे कंदील लावून मध्य-शरदाचा उत्सव करतात आणि मूनकेकच्या पेट्या एकमेकांकडे पोचत्या होतात. २०२३ साली ही पौर्णिमा २९ सप्टेंबरला आली. दुसऱ्या दिवशी, वाईहून आलेल्या माझ्या मामांना, ‘येथे गाव म्हणून काही शिल्लक आहे की नाही’ या त्यांच्या नित्याच्या पृच्छेला उत्तर म्हणून, मी पुलाऊ उबिनला घेऊन गेलो.

चांगीच्या धक्क्यावर बारा उतारू जमले म्हणजे मचवा सुटतो आणि थोड्याच वेळात पत्र्याच्या छपरांची घरे, भाड्याच्या सायकलींची दुकाने आणि देवळासमोरचा नाटकाचा रंगमंच असे एक लहानसे गाव समोर येते. याच बेटाच्या ग्रॅनाइटाने एकोणिसाव्या शतकात हॉर्सबर्गचे दीपगृह बांधले. आता खाणी पाण्याने भरल्या आहेत. मामा महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे निसर्गशोभेपेक्षा अंमल कोणाचा आणि दप्तर कोठे, याची त्यांना जिज्ञासा अधिक. शहाळी समोर येताच त्यांनी विचारले,

“महिन्यापूर्वी तुमच्याकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. मत दिलेस ना?”

“दिले. न दिल्यास यादीतून नाव उतरते, आणि सबळ कारण नसेल तर पुन्हा चढवण्यास ५० डॉलर पडतात.”

“कोणाला दिलेस ते बोलू नकोस. उभी हयात मतपेट्या सांभाळण्यात गेली, आता भाच्याचे मत फोडून घेण्याचे पातक नको. पण देताना मनात काय चालले होते, ते सांगण्यास हरकत नाही.”

मनात चालले होते ते असे. येथील राष्ट्राध्यक्ष कारभार चालवीत नाही. पण पूर्वीच्या सरकारांनी साठवलेल्या राखीव निधीला विद्यमान सरकारला हात लावायचा झाल्यास, किंवा वरिष्ठ पदांवर नेमणुका करायच्या झाल्यास, त्याची संमती लागते, आणि या पहाऱ्याला लोकमताचे बळ असावे म्हणूनच १९९१ च्या घटनादुरुस्तीने हे पद थेट निवडणुकीचे केले. एक किल्ली सरकारकडे, दुसरी त्याच्याकडे. आणि १ सप्टेंबरला ७०.४ टक्के मते मिळवून निवडून आलेले थर्मन षण्मुगरत्नम हे २००७ ते २०१५ या काळातले अर्थमंत्री, पुढे उपपंतप्रधान, ज्येष्ठ मंत्री. सत्ताधारी पक्षाचा राजीनामा त्यांनी दिला तो मतदानाच्या केवळ दोन महिने आधी.

“२००९ च्या मंदीत त्या निधीतून प्रथमच ४९० कोटी डॉलरपर्यंत रक्कम काढण्यास संमती मिळाली,” मी म्हणालो, “तेव्हा अर्थमंत्री हेच होते. काढलेली रक्कम पुढे परत भरली गेली, व्यवहारात खोट नव्हती. पण त्या वेळी दुसरी किल्ली मागणारा हात आणि आता ती धरणारा हात एकच ना? योग्यता पाहावी तर त्यांच्या तोडीचा उमेदवार नव्हता; पदाचा हेतू पाहावा तर सरकारच्या पंक्तीला बसलेल्यानेच सरकारवर पहारा का करावा?”

“आणि ते आपल्याच वंशाचे, म्हणून हात सैल झाला नाही ना?” मामा मिस्किलपणे म्हणाले. “२००७ साली प्रतिभाताई राष्ट्रपतिपदासाठी उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेने मराठी बाणा म्हणून आपली आघाडी बाजूस ठेवून त्यांना मते दिली होती. मलाही आनंद झाला होता, लपवू कशाला?”

“तो मोह नव्हता असे म्हणवत नाही. पण त्यांचे पूर्वज सिलोनचे तमिळ. माझा त्यांच्यावर हक्क तो कितीसा? शिवाय या देशात तीन-चतुर्थांश लोक चिनी वंशाचे आहेत, तेव्हा ७०.४ टक्क्यांचा अर्थ वंशाने लागत नाही.”

हा मुद्दा येथेच सुटला. २०१७ साली हे पद मलाय समाजासाठी राखीव ठेवले गेले आणि हलीमा याकूब यांची निवड मतदानावाचून झाली, हे ऐकून मामांनी भुवई तेवढी वर केली.

“आमच्या उपकोषागाराला,” ते सावकाश म्हणाले, “दुहेरी कुलूप असे. दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. आणि दोघेही एकाच सरकारचे नोकर. त्यात कोणाला वावगे वाटले नाही. दुसरा किल्लीदार परका असावा लागत नाही रे, बेडर असावा लागतो.”

मला ओंग तेंग चिओंग आठवले. ते माजी उपपंतप्रधान, त्याच सत्ताधारी पक्षातले. १९९३ साली थेट मताने निवडून आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष. पहारा करायचा तर वस्तू काय आहेत हे ठाऊक हवे, म्हणून त्यांनी राखीव मालमत्तेची यादी मागितली, तेव्हा इमारती-जमिनींची किंमत काढण्यास ५६ मनुष्यवर्षे लागतील असे त्यांना कळवण्यात आले. आणि १९९९ साली पद सोडताना त्यांनी ही हकीकत जाहीरपणे सांगितली. घरचाच माणूस, पण डोळेझाक करणारा निघाला नाही.

मामा हातातले शहाळे ठेवून ताठ बसले. “म्हणजे शिल्लक न मोजताच चार्ज घेतला? आमच्याकडे बदलीवर आलेला अधिकारी रोकड मोजून दाखल्यावर सही केल्याशिवाय चार्ज घेत नसे. पंक्तीचा प्रश्न तू उगाच उगाळतोस; मुद्दा यादीचा आहे.”

येथे मात्र मामांशी माझे पूर्ण जमले नाही. बेडरपणा आधी मोजता येत नाही. आधी मोजता येतो तो उंबरठा, आणि तोच एका बाजूला कललेला आहे. तीन वर्षे मंत्री असलेला मनुष्य या पदासाठी आपोआप पात्र ठरतो. खाजगी क्षेत्रातून येणाऱ्याने मात्र सरासरी ५० कोटी डॉलर भागधारक निधीच्या कंपनीची धुरा वाहिलेली असावी लागते. असा कायदा असता सरकारी पंक्तीतलीच माणसे पुढे येणार, आणि तो दोष थर्मन यांच्या माथी मारणे अन्याय होय.

“उंबरठ्याचे तू पाहा,” मामा म्हणाले, “पण शिल्लक?”

राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला माहिती मागण्याचा हक्क दिला आहे. निधीची एकूण रक्कम मात्र, चलनावर सटोडियांचा हल्ला होऊ नये या कारणास्तव, जनतेला सांगितली जात नाही. हे कारण मला पटते. पण मग नागरिकाचा सारा विश्वास एका माणसाने आत जाऊन मोजण्यावर उभा राहतो, आणि मोजले की नाही हे विचारण्याचा प्रघात येथे अद्याप पडलेला नाही. सहा वर्षांची मुदत २०२९ च्या सप्टेंबरात संपेल. तेव्हा माझ्यासारख्या नवनागरिकांनी उमेदवाराला कुळ आणि पक्ष विचारण्याआधी एवढेच विचारावे: चार्ज घेताना शिल्लक मोजून घ्याल का, आणि मोजू दिली नाही तर तसे पदावर असतानाच सांगाल का?