‘न मम’ आणि नोंदवही : गाडीच्या नावांतरातील एक धर्मप्रश्न

विकलेली वस्तू विकणाऱ्याची नेमकी कोणत्या क्षणी उरत नाही, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा वाटतो. परंतु धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी आणि मीमांसकांनी तो शतकानुशतके चर्चिला आहे, कारण त्याच्या मुळाशी ‘स्वत्व’ या संकल्पनेचे कोडे आहे. स्वत्व म्हणजे ज्याच्यामुळे ‘ही वस्तू याची’ असे म्हणता येते तो माणूस आणि वस्तू यांच्यातील संबंध. हा संबंध डोळ्यांना दिसत नाही. गाय दिसते, तिच्या गळ्यातले दावे दिसते, दावणीचा खुंटाही दिसतो; पण तिचे ‘त्याची’ असणे कुठेच दिसत नाही. गाय विकली जाते तेव्हा तिच्या अंगावरचा एक केसही बदलत नाही, आणि तरीही काहीतरी बदललेले असते, हे अडाण्यालाही कळते आणि पंडितालाही मान्य करावे लागते.

हा न दिसणारा बदल आजच्या काळात निपाणीसारख्या गावात फार स्पष्टपणे पाहायला मिळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि निपाणी कागदोपत्री कर्नाटकाची झाली. मात्र तिचा बाजार, सोयरिकी आणि दवाखाने कोल्हापूरकडे वळलेलेच राहिले. कोगनोळीजवळ महामार्गावर राज्याची हद्द ओलांडली जाते. कोल्हापुरात ‘एमएच ०९’ पासिंगची जुनी गाडी घेऊन निपाणीत आणणाऱ्याला त्या हद्दीपाशी काहीही जाणवत नाही, पण बारा महिन्यांहून अधिक काळ ती गाडी निपाणीत राहिली तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार तिला नव्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो. ‘पासिंग’ हा शब्द गाडीची नोंदणी या अर्थाने या भागात सर्रास वापरला जातो. निपाणीच्या गाड्यांची नोंदणी चिक्कोडीच्या परिवहन कार्यालयात होते आणि त्यांना ‘केए २३’ हा संकेत मिळतो. त्यासाठी आधी मूळ कार्यालयाचा नाहरकत दाखला आणावा लागतो, गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेची संमती घ्यावी लागते, नव्या राज्याचा कर भरावा लागतो, आणि पूर्वीच्या राज्यात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

या साऱ्यात गाडीचे नाव बदलते, धनी बदलतो, राज्य बदलते. मग न बदलता उरते ते काय? कार्यालयाने याचे उत्तर आपल्या परीने शोधून ठेवले आहे. चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, कारखान्यातच एक क्रमांक ठोकलेला असतो. त्या अंकांवर पांढऱ्या कागदाची पट्टी घट्ट धरून पेन्सिलचे शिसे आडवे घासले, की काळसर पार्श्वभूमीवर एकेक अंक उमटत जातो, आणि ही पट्टी अर्जाला चिकटवली जाते. पाटीवरचा क्रमांक गाडीला समाजाने दिलेला, तर चॅसिसवरचा क्रमांक तिच्या जन्माबरोबर आलेला, असा हा भेद आहे. तथापि तत्त्वचिंतकाचे समाधान एवढ्याने होत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भदंत नागसेन यवन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतात, की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय; आणि राजाला कबूल करावे लागते, की या अवयवांच्या आधाराने ‘रथ’ हा केवळ एक व्यवहार चालतो. बौद्ध परिभाषेत याला प्रज्ञप्ती, म्हणजे सोयीसाठी ठरवलेले नाव, असे म्हणतात. चॅसिसचा क्रमांकही शेवटी एका लोखंडी अवयवावरचाच अंक आहे. संपूर्ण गाडी त्यात सापडत नाही. परंतु नाव केवळ व्यवहारापुरते आहे म्हणून ते खोटे ठरत नाही, आणि स्वत्वाच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा कामाला येतो.

याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) काळचा. त्याचे कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. दायविभागाच्या आरंभी तो प्रश्न उपस्थित करतो, की स्वत्व हे शास्त्रावरूनच कळणारे आहे की लौकिक, म्हणजे लोकव्यवहारातून सिद्ध होणारे आहे. त्याचा निर्णय लौकिकाच्या बाजूने आहे, आणि त्यासाठी तो जे कारण देतो ते निपाणीच्या वाचकाने थांबून वाचावे असे आहे. ज्यांनी शास्त्राचे नावही ऐकले नाही असे ‘प्रत्यन्तवासी’ लोकही खरेदी-विक्री करतात आणि ‘हे माझे, हे तुझे’ असा व्यवहार पाळतात. म्हणून स्वत्व हे शास्त्राने निर्माण केलेले नव्हे, असा त्याचा युक्तिवाद आहे. प्रत्यन्तवासी म्हणजे सीमेवर राहणारे. विज्ञानेश्वराच्या मनातली सीमा आर्य आचाराच्या प्रदेशाची होती, भाषावार राज्यांची नव्हे, हे उघड आहे. तरीही स्वत्वाचे स्वरूप समजून घ्यायचे तर सीमेवरच्या माणसाकडे पाहावे, ही त्याची दृष्टी नऊशे वर्षांनंतरही अचूक वाटते. राजधानीत कायदा आणि व्यवहार एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की त्यांचा सांधा दिसत नाही. सीमेवर तो उघडा पडतो.

स्वत्व संपते कसे, याविषयी मीमांसकांनी केलेला एक भेद येथे पाहायला हवा. याग, होम आणि दान या तिन्हींत वस्तूचा त्याग असतो, पण तो सारखा नसतो. देवतेला उद्देशून द्रव्यावरचा हक्क सोडणे म्हणजे याग; तोच त्याग करून द्रव्य अग्नीत टाकणे म्हणजे होम; आणि दानात आपले स्वत्व संपवायचे एवढेच पुरत नाही, तर त्या जागी दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न व्हावे लागते. यज्ञात ‘न मम’, म्हणजे ‘हे माझे नाही’, असे उच्चारले की यजमानाचा त्याग पूर्ण होतो. दान मात्र घेणाऱ्याने घेतल्यावाचून पूर्ण होत नाही, असे मिताक्षरेचे मत आहे. उलट ‘दायभाग’कार जीमूतवाहनाच्या मते देणाऱ्याच्या त्यागानेच घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न होते. मिताक्षरा स्वीकाराचे तीन प्रकार सांगते : मानसिक, वाचिक आणि कायिक. ‘हे माझे’ असा मनात निश्चय करणे, तसे तोंडाने म्हणणे, आणि वस्तूला प्रत्यक्ष हात लावणे. हात कोठे लावायचा, हेही ठरलेले आहे : गाय शेपटीला धरून घ्यावी, हत्ती सोंडेला आणि घोडा आयाळीला. शेताला असा हात लावता येत नाही, म्हणून तेथे थोडे तरी पीक प्रत्यक्ष उपभोगणे हाच कायिक स्वीकार मानला आहे. या सूक्ष्म नियमांमागे एक साधी जाणीव आहे, की मनातला हेतू इतरांना दिसत नाही. तो दिसावा म्हणून शरीराने काही तरी करावे लागते.

गाडीची शेपटी कोणती? किल्ली हाती देणे हा कायिक स्वीकार म्हणता येईल, आणि १९३० च्या मालविक्री कायद्याच्या दृष्टीने उभयतांनी ठरवलेल्या क्षणी मालकी खरेदीदाराकडे जातेही. परंतु मोटार वाहन कायद्याची ‘मालक’ या शब्दाची व्याख्या वेगळी आहे : ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. किल्ली दिली, पैसे घेतले, पण नाव चढवले नाही, तर एकाच गाडीला दोन धनी होतात, एक व्यवहाराचा आणि एक नोंदवहीचा. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे सतत घडते. लोकांच्या तोंडी ‘टीटी फॉर्म’ म्हणून जे कागद रुळले आहेत, म्हणजे विकणाऱ्याने द्यायचा फॉर्म २९ आणि घेणाऱ्याने भरायचा फॉर्म ३०, त्यांवर कोऱ्या सह्या घेतल्या जातात, खरेदीदाराचे नाव रिकामे ठेवले जाते, आणि गाडी त्या कोऱ्या सह्यांवर या हातातून त्या हातात जात राहते. विकणारा मनात ‘न मम’ म्हणून मोकळा झालेला असतो. त्याने दानाच्या, किंवा येथे विक्रीच्या, जागी याग केलेला असतो. आपला हक्क सोडला, पण दुसऱ्याचा हक्क आणि त्याबरोबर दुसऱ्याची जबाबदारी उत्पन्न झाली की नाही, हे पाहिले नाही.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, नोंदवहीत मात्र पहिल्याचेच नाव होते, आणि मधल्या काळात तिच्याखाली सापडून एका मुलाचा जीव गेला. भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकाचीच आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. अपघातग्रस्ताने विक्रीच्या साखळीचा शोध घेत एकेका खरेदीदाराच्या मागे धावावे, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, असे त्यामागचे कारण होते. ज्याच्या ताब्यात गाडी नव्हती, जो ती चालवत नव्हता, त्याच्यावर हा बोजा पडणे पहिल्या वाचनात अन्यायाचे वाटते. धर्मविचाराच्या कसोटीवर मात्र तो निर्णय योग्यच ठरतो, कारण प्राचीन चर्चेत फारसा न दिसणारा एक घटक येथे समोर येतो.

देणारा, घेणारा आणि वस्तू, एवढ्या तिघांतच स्वत्वाचा विचार बहुधा केला जातो. गाडीच्या बाबतीत एक परका माणूसही या संबंधात येतो : रस्त्याने चाललेला, व्यवहाराशी काहीही संबंध नसलेला. क्रमांकाची पाटी त्याच्यासाठीच असते. आत बसलेल्याला आपल्या गाडीची पाटी दिसत नाही. ती दिसते समोरून येणाऱ्याला आणि मागून चालणाऱ्याला. ‘ही गाडी माझी’ अशी हक्काची घोषणा पाटीवर नाही. ‘या गाडीने तुझे काही वाईट झाले तर उत्तर द्यायला अमुक माणूस बांधलेला आहे’ असे तेथे त्या परक्याला दिलेले वचन आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना बसवली जाणारी उच्च सुरक्षा पाटी अॅल्युमिनियमची, अशोकचक्राचे होलोग्राम असलेली आणि न उघडणाऱ्या स्नॅप लॉकने ठोकलेली असते. ती काढायची तर लॉक तोडावेच लागते. कोल्हापूरची पाटी उतरवून चिक्कोडीची बसवताना होणारा तो कडकन आवाज म्हणजे एक वचन संपून दुसरे सुरू झाल्याची खूण आहे, आणि मिताक्षरेने सांगितलेल्या कायिक स्वीकाराच्या ती फार जवळ जाते.

म्हणूनच हे वचन भलत्याच अर्थाने वाचले जाते तेव्हा होणारे नुकसान मोठे असते. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, आणि त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना रंग फासण्यात आला. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी ‘अध्यास’ समजावून सांगितला आहे. अध्यास म्हणजे एका वस्तूचे धर्म दुसरीवर लादणे, दोरीवर साप पाहणे. ‘एमएच’ किंवा ‘केए’ ही दोन अक्षरे कोणत्या कार्यालयात नोंद पाहावी एवढेच सांगतात. ती चालकाची भाषा सांगत नाहीत, निष्ठा तर नाहीच. निपाणीतल्या मराठी माणसाची गाडी ‘केए २३’ असते आणि घरात मराठी बोलली जाते, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. दुकानांच्या फलकांवर कोणती भाषा किती असावी यावरून सीमाभागात वर्षानुवर्षे वाद चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५० नुसार गाडीचा क्रमांक दोन्ही राज्यांत एकाच, इंग्रजी लिपीत लिहावा लागतो. दगड मारणाऱ्याने परक्याच्या रक्षणासाठी लावलेली पाटी वाचून गाडीतल्या माणसालाच शत्रू ठरवले. अध्यासाचे याहून दुःखद उदाहरण शोधावे लागणार नाही.

अध्यासाचा दुसरा, सौम्य प्रकार आवडत्या क्रमांकाच्या ममत्वात दिसतो. अंकांची बेरीज नऊ यावी म्हणून जादा शुल्क भरून घेतलेला क्रमांक, खंडेनवमीला हळदकुंकू लावून झेंडूच्या माळेखाली मिरवलेला, हद्द ओलांडून नव्या राज्यात नोंद झाली की मागेच राहतो. पूजेतल्या कृतज्ञतेला कोणी नावे ठेवू नयेत. जे साधन रोजची भाकरी मिळवून देते त्याला नमस्कार करणे ही सुसंस्कृत माणसाची वृत्ती आहे, आणि तो नमस्कार गाडीला असतो, अंकाला नाही, हे क्रमांक बदलल्यावरही होणाऱ्या पुढच्या वर्षीच्या पूजेवरून सिद्धच होते.

या विवेचनातून विकणाऱ्याचे कर्तव्य घेणाऱ्याच्या कर्तव्याहून मोठे ठरते. घेणाऱ्याला निदान गाडी मिळते आणि नाव चढवण्यात त्याचा स्वार्थ असतो. विकणाऱ्याला मात्र नाव उतरवण्यात काही मिळत नाही, आणि ज्यात काही मिळत नाही ते करणे हीच त्यागाची खरी परीक्षा असते. मृत्यूने सोडलेल्या गाडीचीही व्यवस्था कायद्याने विसरलेली नाही : वारसाने तीस दिवसांत कार्यालयाला कळवले तर तीन महिने ती त्याला वापरता येते, आणि तेवढ्या मुदतीत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करायची असते. जिवंत विकणाऱ्याने तर स्वतःच्या हाताने हे करायला हवे. सीमाभागातील ज्या कोणी गाडी विकली असेल आणि नोंदवहीत अजून आपलेच नाव असेल, त्याने कोरी सही कोणाच्या हाती न देता खरेदीदाराचे नाव लिहूनच फॉर्म २९ द्यावा. गाडी राज्यातच राहणार असेल तर त्यासाठी कायद्याने चौदा दिवस दिले आहेत, आणि हद्द ओलांडून जाणार असेल तर नाहरकत दाखल्यासह पंचेचाळीस.