‘सम्राट अशोक’ का कोसळले?

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. विमानातील २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. पहिला संशय घातपाताचा आला. अशा वेळी तो येतोच. एवढ्या मोठ्या अनर्थाला तेवढाच मोठा खलनायक हवा असतो. पण स्फोटाची खूण सापडली नाही आणि ब्लॅक बॉक्सने वेगळीच हकिगत सांगितली.

किनाऱ्यावर आल्यावर विमान ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळले आणि पुन्हा समतल झाले. कॅप्टनसमोरचा, विमानाचा कल दाखवणारा क्षितिजदर्शक मात्र उजवीकडचा कल दाखवत राहिला. बाहेर मिट्ट काळोख; समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होते, हे कळायला मार्ग नव्हता. कॅप्टनने यंत्रावर भिस्त ठेवून विमान डावीकडे झुकवले आणि ते झुकतच गेले. आपलेही यंत्र कलंडले आहे, असे सहवैमानिक म्हणाला. बहुधा त्याचे यंत्र ठीक होते आणि विमानच खरोखर कलंडले होते. फ्लाइट इंजिनीअरने त्या यंत्रावर जाऊ नका, असे बजावले; पण तोवर सावरण्याइतकी उंची उरली नव्हती.

घटनाक्रमाविषयी फारसा वाद नाही, वाद आहे तो कारणाविषयी. यंत्र बिघडले नसते तर अपघात टळला असता. पण दुसरी दर्शके समोर असताना ती ताडून पाहिली असती, तरीही टळला असता. भारतीय चौकशीने कॅप्टनच्या हाताळणीवर ठपका ठेवला आणि त्यामागे क्षितिजदर्शकाचा बिघाडही मानला. वारसांनी अमेरिकेत बोइंग आणि उपकरण-निर्मात्यांवर दावे लावले. तेथील न्यायालयाने १९८५ मध्ये निर्मात्यांचा निष्काळजीपणा मान्य केला नाही.

या दोन निष्कर्षांचा मेळ घालत बसण्यात अर्थ नाही, कारण दोघांपुढचे प्रश्नच निराळे होते. न्यायालयाला भरपाईचे दायित्व ठरवायचे असते. अपघाताच्या तांत्रिक चौकशीचा हेतू मात्र पुढचा अपघात टाळणे हा असतो. दोष किंवा दायित्व ठरवणे हा नव्हे, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द चौकशीत शेवटी नव्हे, सुरुवातीला यायला हवेत. निर्मात्यांकडे वकील असतात, मृत वैमानिकाला बाजू मांडता येत नाही. ठपका त्याच्यावर टाकणे सोपे जाते. बहुधा बरोबर चालणारे यंत्र सहवैमानिकाला बिघडलेले का वाटले, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.