भिंतीतला पाइप आणि खालच्या मजल्यावरचं देवघर



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७ ते ९.

या तीन श्लोकांत भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. आपल्या वाट्याचं कर्म मोहापायी सोडलं तर तो तामस त्याग. त्रास होईल, शरीराला कष्ट पडतील या भीतीनं सोडलं तर राजस, आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. करायचंच आहे म्हणून कर्म केलं, पण आसक्ती आणि फळाची इच्छा सोडली, तर तो सात्त्विक. म्हणजे सात्त्विक त्यागात काम सुटतच नाही, हे लक्षात घ्या.

हे श्लोक मी कितीतरी वेळा वाचलेत. पण यंदा ते कळले एका प्लंबरमुळे.

आमचं घर पुण्यात, १९८६ सालच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीतले सगळे पाइप तेव्हाचेच, जीआयचे. गेली चार-पाच वर्षं सकाळी पहिला नळ सोडला की तांबूस पाणी यायचं. बादलीभर सोडून दिलं की स्वच्छ. शॉवरची धार करंगळीएवढी झाली होती. मधूनच बाथरूमच्या भिंतीला ओल यायची. मग प्लंबर बोलवायचा, दोन टाइल्स काढायच्या, एक जोड बदलायचा, वर पांढरं सिमेंट. सहा-आठ महिने शांतता. मग दुसरीकडे ओल.

बायको म्हणायची, "अरे, एकदाच काय ते सगळं बदलून टाकू." मी म्हणायचो, "चाललंय ना? घर म्हणजे शेवटी विटा-माती. त्यात किती जीव अडकवायचा?" हे वाक्य मला फार आवडायचं. त्यात वैराग्याचा वास होता. खरं कारण वेगळं होतं. पाइप, टाइल्स, मजुरी धरून खर्च लाखाच्या पुढे जाणार होता, पंधरा दिवस घरात धूळ आणि वर्क फ्रॉम होमची वाट लागणार होती. श्लोक आठवा, शब्दशः मीच.

मग एके दिवशी खालच्या काकूंकडे पार्सल द्यायला गेलो. एरवी दारातूनच परत फिरतो. त्या दिवशी त्यांनी चहाला आत बोलावलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात छताचे पोपडे सुटले होते, खाली प्लास्टिकचा टब ठेवलेला. त्यांचे देव हॉलमध्ये एका स्टुलावर होते.

"काकू, देवघर हलवलंत?"

"अरे, दोन वर्षं झाली. त्या कोपऱ्यात ठिबकतं ना. देवांवर पाणी पडायला लागलं, मग काय करणार."

त्या कोपऱ्याच्या बरोबर वर आमची बाथरूमची भिंत येते, आणि त्या भिंतीच्या पलीकडे आमचं देवघर. कोरडं, ठणठणीत. मी रोज सकाळी साडेसहाला तिथं बसून अध्याय वाचतो.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"एकदा बोलले होते तुला जिन्यात. तू म्हणालास, बघतो. आणि सकाळी तुझं वाचन ऐकू येतं खाली. बरं वाटतं. म्हटलं, उगाच कशाला वाद."

जिन्यातलं ते बोलणं मला आठवतसुद्धा नव्हतं. चहा घशाखाली उतरेना.

दुसऱ्याच दिवशी एका जुन्या, अनुभवी मिस्त्रींना बोलावलं. काका म्हणतो आम्ही त्यांना. मी आधी तोच प्रश्न विचारला जो तुमच्याही मनात येईल: जुनं झालं म्हणून सगळंच फोडायचं का? जिथं गळतंय तेवढंच नाही का करता येणार?

काकांनी वाद घातला नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणी भिंत उघडली आणि पाइपचा एकेक तुकडा कापून माझ्या हातात ठेवला. अर्ध्या इंची पाइप, पण आत पेन्सिल जाईल एवढीच वाट शिल्लक. काका म्हणाले, "साहेब, एक तुकडा खराब असता तर एकच बदलला असता. हे तिन्ही बघा. आता एक जोड पान्यानं पिळला की शेजारचा हलतो. तुमच्या भिंतीत पाइप नाही, पापड आहे."

त्यांनी समजावलं ते असं. लोखंडी पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ते संपलं की लोखंड गंजू लागतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून आत गाठी वाढतात आणि वाट अरुंद होते. बाहेरून पाइप ठीक दिसतो. फुटतो तो बहुतेक जोडापाशी, कारण आटे पाडताना पाइपची भिंत तिथंच पातळ झालेली असते.

आमच्या क्षेत्रात आपण याला टेक्निकल डेट म्हणतो. एक बग असेल तर पॅच टाकणं योग्यच. पण प्रत्येक पॅचनंतर नवा बग दुसरीकडे उगवत असेल, तर दोष त्या ओळीत नसतो. प्लंबिंगनं मला यापुढची एक गोष्ट शिकवली. कोडमधला उशीर बहुतेक वेळा आपल्याच टीमला भोवतो. पाणी मात्र उताराकडे जातं. गळती माझी होती आणि टब काकूंच्या घरात होता.

इथं खरा प्रश्न आहे. मी म्हणत होतो, "मला चालतंय." माझी सहनशक्ती मोठी होती, कारण सहन दुसरंच कुणी करत होतं. तांबूस पाणी, बारीक धार, एवढं सोसणं खरोखर माझं होतं आणि ते मी हसत सोसलं असतं तर त्याला समाधान म्हणता आलं असतं. पण ज्याची किंमत खालच्या मजल्यावर वसूल होतेय, त्या गोष्टीत समाधान मानायचा मला अधिकार आहे का? मला वाटतं, नाही. आपलं वैराग्य खरं की खोटं, हे आपल्या घरात बसून कळत नाही. एकदा खाली जाऊन छत बघावं लागतं.

रागाचंही असंच असतं. "माझा स्वभावच तसा आहे, मनात काही नसतं" असं आपण म्हणतो. आपल्या मनात नसतं, खरंय. ते समोरच्याच्या छतावर असतं. दर वेळी सॉरी म्हणणं हा एक जोड बदलणं झालं. तीन ठिकाणी उघडून बघितलं आणि तिन्हीकडे तोच गंज निघाला, तर लाइनच बदलायला हवी.

काम सतरा दिवस चाललं. जुनी लाइन बंद केली, भिंतींना झिऱ्या पाडून सीपीव्हीसीचे पाइप टाकले. ते गंजत नाहीत आणि जोड सॉल्व्हंटनं बसतात. भिंती बुजवण्याआधी काकांनी हँड पंपानं दाब देऊन लाइन रात्रभर तशीच ठेवली. सकाळी गेजचा काटा जागेवर होता, तेव्हाच सिमेंटला हात लावला. मीही प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवला, पुढे कुणी खिळा ठोकेल तेव्हा कामी येईल. राडारोड्याची पोती खाली नेताना जिन्यात काकू भेटल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "झालं ना आता? मग झालं."

पण लगेच काही झालं नव्हतं. नवीन पाइप बसला तरी त्यांचं छत वाळायला तीन महिने लागले. ओल्या गिलाव्यावर रंग धरत नाही, म्हणून थांबावं लागलं. मग गिलावा आणि रंग मी करून दिला. हे उपकार नव्हते, थकबाकी होती. दोन वर्षं देव स्टुलावर राहिले, ती वर्षं मात्र परत देता येत नाहीत. चूक थांबवणं आणि चूक भरून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तेव्हा कळलं.

आता श्लोक नववा. काम झाल्यावर मला वाटलं, काकूंनी थोडं कौतुक करावं. तेही सोडायचं असतं. करायचं होतं, केलं, संपलं.

गेल्या गुरुवारी काकूंनी आरतीला बोलावलं. देव परत कोपऱ्यात गेलेत.

आज एवढंच करूया: "मला चालतंय" असं आपण कुठं कुठं म्हणतो ते आठवूया, आणि त्यातल्या एका ठिकाणी खालच्या मजल्यावर जाऊन विचारूया, "तुमच्याकडे ठिबकतंय का?"

राम कृष्ण हरी.