मूळ आणि मोल

कल्याणहून दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशीं पूल ओलांडून भिवंडीच्या वाटेस लागलें कीं पहिलें गांव येतें तें कोन. भातखाचरांचा हा मुलूख. आतां मात्र या तालुक्यांत भातापेक्षां गोदामेंच अधिक डोळ्यांत भरतात. येथें रस्त्याच्या कडेस रोपें विकणाऱ्या एका गृहस्थांकडे गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आम्ही बकुळीचें रोप आणावयास गेलों होतों. पुढल्या रांगेंत बोगनवेल, क्रोटन, गुलमोहर अशी परदेशी मंडळी थाटांत उभी होती. बकुळ, करंज, पळस आणि आपल्या महाराष्ट्राचें राज्यपुष्प जें ताम्हण तें, यांच्या काळ्या पिशव्या मागें कुंपणाशीं पडल्या होत्या. “पुढच्या रांगेवर माझं घर चालतं, सर, मागच्या रांगेला मीच पोसतो,” ते म्हणाले. पळसाचें बीं ताजेंच पेरावें लागतें. रुजल्यावर तो आधीं जमिनीखालीं मूळ पोसतो. वरचा शेंडा उन्हाळ्यांत सुकतो व पुन्हा फुटतो. गिऱ्हाईक समजतें, रोप मेलें. आणि पैसे परत मागावयास येतें!

परततांना एक प्रश्न मनांत घोळूं लागला. रानानें कोणाकडून कांहींहि न घेतां वाढविलेल्या झाडावेलींचा व्यापार करणें नीतीस धरून आहे काय? आमचे एक सहृदय स्नेही म्हणतात, नाहीं. निसर्गाच्या देणगीस किंमतीची चिठ्ठी लावणें हेंच मुळीं अमंगल.

या मतांत तथ्य नाहीं असें नाहीं. आमच्या सह्याद्रींतील नरक्या या झाडांत कर्करोगावरील औषधास लागणारें द्रव्य असल्याचें कळतांच गेल्या शतकाच्या अखेरीस त्याच्यावर सर्रास कुऱ्हाड चालली. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत नेचे जमविण्याचें असें वेड पसरलें कीं चार्ल्स किंग्सलेनें १८५५ सालीं त्या वेडास स्वतंत्र नांवच दिलें; हौशी लोकांनीं व विक्रेत्यांनीं कित्येक दुर्मिळ जाती मूळस्थानांतून जवळजवळ नाहींशा केल्या. आणि दूर कशाला जावें? कांहीं वर्षांपूर्वीं मुरबाडच्या पुढें माळशेजच्या वाटेवर एका आदिवासी बाईकडून आम्हींच सीतेच्या वेणीचा गुच्छ मुळांसकट दोनशे रुपयांस घेतला. घरीं मंडळींनीं कौतुक केलें. दुसरा पावसाळा त्यानें पाहिला नाहीं. या आमरीचें बीं धुळीसारखें सूक्ष्म. त्यास स्वतःची शिदोरी नसते, विशिष्ट बुरशीचा आधार मिळाला तरच तें रुजतें, आणि पुढें फुलावयास वर्षें लागतात. तेवढी वर्षें आम्हीं दोनशे रुपयांत विकत घेऊन गॅलरींत वाळविलीं.

तथापि यावरून विक्रीच पाप ठरते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड आणण्याचा विषय आहे. आंबे, फणस रयतेनें लेंकरांसारखे वाढविलेले असतात, त्यांस हात लावूं नये, असें तेथें बजाविलें आहे. परंतु एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन तें घेण्यास मुभाहि आहे. म्हणजे अमात्यांस मोल निषिद्ध नव्हतें. ज्यानें झाड वाढविलें त्याचे श्रम आणि झाडास लागलेला काळ यांस न जुमानणें, हें निषिद्ध होतें.

हाच विवेक येथें लावावा. बीं घेणें वेगळें, मूळ उपटणें वेगळें. खर्चुडीच्या कित्येक जाती केवळ महाराष्ट्राच्या डोंगरांवरच सांपडतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत प्राध्यापक श्रीरंग यादव यांनीं त्यांचीं रोपें वाढवून तीं पुन्हा डोंगरांवर नेऊन लावलीं. ज्या हातास रोप वाढवितां येतें त्यास रान लुटावें लागत नाहीं.

पण मग त्या माळशेजच्या बाईचें काय? गुच्छ विकण्यास बंदी करून आपण आपल्या सदसद्विवेकबुद्धीचें समाधान करून घेऊं. तिच्या चुलीचें समाधान त्यानें होत नाहीं. हा आक्षेप आम्हांस सर्वांत बिकट वाटला. त्याचें अर्धेंमुर्धें उत्तर कोनलाच मिळालें. बियाणें कोठून आणतां, असें विचारतां ते गृहस्थ म्हणाले, “मुरबाडकडच्या कातकरी बाया आणून देतात. मागची रांग खपली तर जास्त घेईन. नाही खपली तर त्यांना काय सांगू?”

तेव्हां दोष शेवटीं ज्याच्या दारीं येतो तो व्यापारी नव्हे, ती बाईहि नव्हे. तो आपण, सुशिक्षित गिऱ्हाईक. आपणांस फुललेलें हवें, आजच हवें, आणि स्वस्तांत हवें. बीं पेरून तीन वर्षें पोसलेल्या रोपाची किंमत ऐकून आपण घासाघीस करतों. उपटून आणलेल्याची किंमत ऐकून ‘किती स्वस्त!’ म्हणतों. उपटणाराच्या हिशेबांत काळाचा खर्च धरलेलाच नसतो, म्हणून तो स्वस्त विकूं शकतो. आणि वाढविणारा प्रामाणिक मनुष्य त्याच्यापुढें हरतो. रोप घेतांना तें बियांपासून केलें कीं रानांतून आणलें एवढें विचारणें, आणि वाढविलेल्याचें पुरें मोल देणें, हें आमच्या मतें दानधर्म नसून साधें ऋण फेडणें होय.

त्या दिवशीं आम्हीं बकुळीबरोबर पळसाचेंहि रोप आणलें. या उन्हाळ्यांत त्याचा शेंडा सुकला. घरांतून सूचना झाली कीं कुंडी रिकामी करून तींत दुसरें कांहीं लावावें. आम्हीं तूर्त पाणी घालणें चालू ठेविलें आहे.