दान आणि दावा

शिष्याच्या यशावर गुरूचा हक्क किती? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं दुसरा, अधिक अवघड प्रश्न आहे: जें दिलें तें देणाऱ्याचें राहतें काय? अमेरिकन जाझ-संगीतांतील ढोलवादक आर्ट ब्लेकी (१९१९–१९९०) याचें चरित्र या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे.

पिट्सबर्ग येथें जन्मलेला ब्लेकी आरंभीं पियानो वाजवीत असे. पुढें तो ढोलांकडे वळला आणि १९५० नंतरच्या दशकांत, ब्लूज व कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गायन यांचा जोम ज्यांत उतरला त्या 'हार्ड बॉप' पद्धतीचा एक अध्वर्यु ठरला. १९५६ सालीं सहकारी हॉरेस सिल्व्हर वेगळा झाल्यावर 'जाझ मेसेंजर्स' या वादकवृंदाची धुरा त्याच्याकडे आली आणि ती त्यानें अखेरपर्यंत वाहिली. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, विंटन मार्सालिस असे कित्येक कलावंत तेथें तरुणपणीं आले, घडले आणि निघून गेले. नव्या रचना तो बहुधा त्यांच्याकडूनच करवून घेई. वृंदाची सर्वांत प्रसिद्ध रचना 'मोनिन' (१९५८) ही पियानोवादक बॉबी टिमन्स याची आहे.

याचा अर्थ ब्लेकी विनयानें मागें राही, असा मात्र नव्हे. एखादा तरुण एकट्यानें वाजवूं लागला कीं ढोलावरील दाट, घुमता नाद चढवीत नेऊन तो त्याला जणूं पुढें रेटी. त्याच्या साथींत आधार होता, तसाच धाकही होता.

यावर कोणी म्हणेल, "यांत त्याग कसला? तरुण वादकांवाचून त्याचा वृंदच शिळा झाला असता. शिवाय तो स्वतः कित्येक वर्षें हेरॉइनच्या व्यसनांत होता. त्याला गुरु तरी कसें म्हणावें?" दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु दानाची किंमत दात्याच्या चारित्र्यावर वा हेतूवर ठरवूं गेल्यास जगांत दान म्हणून कांहींच उरणार नाहीं. माझ्या मतें कसोटी निराळी आहे: घेणाऱ्याला तें घेऊन दूर जातां येतें काय? विद्यार्थ्यानें आपलींच मतें उच्चारलीं कीं आम्ही शिक्षक संतोष पावतों. तो वेगळें बोलूं लागला कीं त्यास कृतघ्न म्हणतों. शॉर्टरनें १९६४ सालीं ब्लेकीस सोडून माइल्स डेव्हिसची संगत धरली आणि तेथें अगदीं निराळें संगीत निर्मिलें. ब्लेकीची शिकवण फळास आली ती तेथेंच, असें मी म्हणेन. ज्यावर दावा राखून ठेवला, तें आपण अद्याप दिलेलेंच नसतें.